आमच्या ओठांवरचे वामनदादा



पिंपळगाव राजा येथील आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. तथागत भगवान बुद्धांवर आणि परमपूज्य बाबासाहेबांवर लेख असणार, हे तर ठरलेलेच होते. पण लेखांची यादी करायला आम्ही बसलो, तेव्हा वस्तीतल्या एका म्हाताऱ्या मायने दारातूनच विचारले, की ज्या माणसाची गाणी आपण उठता-बसता म्हणतो, त्याच्यावर एखादं पान लिहिणार की नाही? आम्ही सारे गप्प झालो. प्रश्न खरा होता. वामनदादा कर्डकांचं एकही गाणं येत नाही असं घर आपल्या वस्तीत शोधून सापडणार नाही. पण वामनदादा मूळचे कुठले, त्यांनी काय भोगलं, लिहायला कधी शिकले, असं विचारलं तर आपल्यातले किती जण उत्तर देतील? गाणं आपल्या घरात राहिलं आणि गाणं करणारा माणूस मात्र बाहेर उभा राहिला. ही चूक थोडी तरी दुरुस्त व्हावी, म्हणून आम्ही सर्वांनी मिळून हा लेख लिहिला आहे.

देशवंडीचा मुलगा

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी नावाचं लहानसं गाव आहे. तिथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामनदादांचा जन्म झाला. वडिलांचे नाव तबाजी, आईचे नाव सईबाई. घरी शेती होती, पण तिच्यावर घर चालेना. त्यातच दादा लहान असताना वडील गेले आणि घराचा सारा भार सईबाईंवर पडला. अशा घरातल्या मुलाला शाळेची वाट कोण दाखवणार? दादा शाळेत गेले नाहीत. अक्षराची आणि त्यांची ओळखच झाली नाही.

पुढे पोट भरण्यासाठी हे कुटुंब मुंबईला आलं आणि शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत राहू लागलं. त्या काळी आपल्या समाजातली हजारो माणसं कोकणातून, नाशकातून, देशावरून आणि आपल्या वऱ्हाडातूनही मुंबईच्या गिरण्यांकडे आणि गोदीकडे जात होती. दादांनी तिथे मिळेल ते काम केलं. कोळशाच्या वखारीत राबले, चिक्की विकली, आईसफ्रूट विकलं. याच शिवडीत ते समता सैनिक दलात आले. दलात शिस्त होती, लेझीम होती, सभा होत्या, आणि सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं, बाबासाहेब.

याच दिवसांत ती पत्राची गोष्ट घडली. ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी. चाळीतल्या एका माणसाला गावाकडून पत्र आलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने ते दादांच्या हातात दिलं. अंगात दलाचा पोशाख असलेल्या या तरुणाला वाचता येत असणार, असं त्याला वाटलं असेल. दादांना एक अक्षरही लागेना. पत्र हातात धरून उभ्या उभ्या त्यांना रडू आलं. ही लाज त्यांनी पोटात ठेवली नाही, तिचं काम केलं. देहलवी नावाच्या मास्तरांकडे ते गेले आणि मोठ्या वयात बाराखडी शिकले. मग मुंबईच्या रस्त्याने चालताना दुकानांवरच्या पाट्या एकेक अक्षर लावून वाचायला लागले. त्यांची खरी शाळा या पाट्यांचीच. ज्या माणसाच्या रचनांवर आज विद्यापीठांतले विद्यार्थी अभ्यास करतात, त्याला विसाव्या वर्षाच्या आसपास पत्र वाचता येत नव्हतं, हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. आपल्या घरातल्या कुठल्याही मुलाने किंवा सुनेने, आपलं शिकायचं वय गेलं, असं म्हणू नये.

पहिलं गाणं आणि पुढची वाट

१९४३ सालच्या मे महिन्यात दादांनी पहिलं गाणं रचलं. ते काही बुद्धावर किंवा बाबासाहेबांवर नव्हतं. त्या वेळच्या एका हिंदी गाण्याचं ते विडंबन होतं. मित्रांना ऐकवलं, मित्र हसले, खूश झाले. आपल्या शब्दांनी माणसं खुलतात हे दादांना त्या दिवशी समजलं. तोपर्यंत त्यांचा ओढा सिनेमाकडे होता. नट व्हावं असं वाटे. पण गाणं हाती लागलं आणि वाट बदलली.

त्याआधीच आपल्या चळवळीत जलशांची परंपरा उभी राहिली होती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जुन्या तमाशाचा बाज घेऊन त्यात नवा विचार घातला. सभेला न येणारी बाईमाणसं, म्हातारीकोतारी जलशाला येत आणि बाबासाहेबांचा विचार ऐकून घरी जात. वामनदादा याच वाटेने पुढे आले. पण जलशाला मोठा ताफा लागतो, सोंगाडे लागतात, पैसा लागतो. दादांनी गाणं सुटं केलं. एक ढोलकी, एक पेटी आणि दोन-चार साथीदार एवढ्यावर ते गाव गाजवू लागले. साथीदार नसले तर गावातलीच पोरं मागे म्हणायला बसत. त्यामुळे ज्या वस्तीकडे जलसा बोलवायला पैसे नव्हते, तिथेही गाणं पोचलं.

सिनेमानेही त्यांना अगदीच दूर ठेवलं नाही. १९५९ साली आलेल्या, अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका' या गाजलेल्या चित्रपटात त्यांचं गाणं आहे. हा चित्रपट पुण्यात १३१ आठवडे चालला. एवढं झाल्यावर दुसऱ्या एखाद्याने वस्त्यांकडे पाठ फिरवली असती. दादांचा मुक्काम मात्र वस्त्यांतच राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि ६ डिसेंबरला ते आपल्याला सोडून गेले. दोन महिनेही मिळाले नाहीत. लाखो माणसं नव्याने बौद्ध झाली होती. घरातले जुने देव गेले होते, जुनी भजनं बंद झाली होती. लग्नात काय म्हणायचं, बारशाला काय म्हणायचं, माणूस गेल्यावर रात्र कशी काढायची? ही जागा भरायला वामनदादांसारखे कवी-गायक पुढे आले. बुद्ध, भीम आणि रमाई यांची गाणी त्यांनी साध्या लोकांच्या बोलीत आणि ओळखीच्या चालींत बांधली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर हे आवाजही त्याच काळातले. भीमगीत म्हटलं की जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं, ते या मंडळींनी उभं केलेलं आहे.

दादांनी हजारो गाणी लिहिली. गझला लिहिल्या, हिंदीतही लिहिलं. फक्त बाबासाहेबांचे गुणगान एवढंच त्यात नाही. महागाई आहे, गिरणी कामगार आहे, भूमिहीन मजूर आहे, देशाच्या संपत्तीचा हिशोब धनवानांकडे मागणं आहे, आणि आपल्याच पुढाऱ्यांच्या फाटाफुटीवर मारलेले कोरडेही आहेत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत चालला. त्या सोळा वर्षांत माणसांचे धैर्य खचू नये म्हणून ज्यांनी गाणी पुरवली, त्यांत दादा होते. १९७० च्या दशकात 'वाटचाल' आणि 'मोहळ' हे त्यांचे संग्रह निघाले. 'माझ्या जीवनाचं गाणं' हे त्यांचं आत्मकथन. १९९३ साली वर्ध्याला पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्षपद त्यांना दिलं गेलं. पाट्या वाचून अक्षर शिकलेला माणूस लेखकांच्या संमेलनाचा अध्यक्ष झाला.

घरात मात्र त्यांना सुख फार लाभलं नाही. पहिल्या पत्नीशी संसार टिकला नाही. मीरा नावाची मुलगी होती, ती लहानपणीच गेली. पुढे शांताबाईंशी लग्न झालं आणि मुलगा दत्तक घेतला. दादा वर्षाचे कितीतरी महिने फिरतीवर असत. ज्या गावी कार्यक्रम, त्या गावच्या बौद्ध वस्तीत मुक्काम. मिळेल ती भाकर, मिळेल ते अंथरूण. कुणी गाणं मागितलं तर तिथल्या तिथे लिहून द्यायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. पैसा त्यांच्यापाशी साठला नाही. १५ मे २००४ रोजी नाशिक येथे वामनदादा कालकथित झाले. त्याच वर्षी प्रल्हाद शिंदेही गेले. भीमगीतांवर प्रेम करणाऱ्या घरांना ते वर्ष फार जड गेलं.

गाणं आमच्याकडे कसं आलं

नाशिकहून निघालेली रेल्वे मनमाड, भुसावळ, मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला करत नागपूरला जाते. दीक्षाभूमीला जाणारी माणसं याच गाडीने गेली, आणि गाणीही याच वाटेने आपल्याकडे आली असं म्हणायला हरकत नाही. अशोक विजयादशमीला नागपूरहून येताना लोक बुद्धमूर्ती, पंचशील ध्वज आणि गाण्यांची पातळ पुस्तकं घेऊन येत. ज्याला वाचता येई तो म्हणायचा आणि बाकीचे ऐकून पाठ करायचे. पुढे टेपरेकॉर्डर आला. वस्तीत एकाच घरी टेप असायचा, आणि संध्याकाळी वावरातून आलेली माणसं हातपाय धुऊन त्या घरापुढे बसायची. कॅसेटची फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायचं काम पोरांचं. एखाद्या गाण्यावर फीत इतकी झिजायची की आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा यायचा. तरी ती कॅसेट फेकवत नसे.

आमच्या आया-बहिणींनी तर ही गाणी वावरात नेली. कापूस वेचताना, सोयाबीन सोंगताना, निंदणाला एका ओळीत बसल्यावर एकीने सुरू करायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं. ऊन काही त्याने कमी होत नाही, मजुरीही वाढत नाही. पण दिवस निघून जातो. आमच्यातली एक माय सांगते, की गाणं चालू असलं म्हणजे आपण कुणाच्या तरी वावरात राबतो आहोत हे थोडा वेळ विसरायला होतं, आणि गाणं संपलं की ते जास्त चांगलं आठवतं. आम्हाला वाटतं, दादांच्या गाण्यांवर कुणी पंडिताने लिहावं त्यापेक्षा हे काही कमी नाही.

दुःखाच्या वेळी तर या गाण्यांची किंमत कळते. आपल्याकडे एका घरात तरणंताठं लेकरू गेलं होतं. भेटायला येणारे येत, बसत, उठून जात. त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी येईना, तोंडातून शब्द निघेना. पाचव्या की सहाव्या दिवशी महिला मंडळाच्या बाया जमल्या आणि त्यांनी रमाईची गाणी म्हणायला घेतली. रमाईंनी पाचातली चार लेकरं गमावली होती, हे आपण सगळे जाणतो. पण जाणणं निराळं आणि गाण्यातून ते अंगावर येणं निराळं. ती माउली त्या रात्री रडली आणि शेवटी बायांबरोबर म्हणू लागली. रमाईची गाणी अनेकांनी लिहिली आहेत, त्यात दादांचीही आहेत. ज्या बापाने स्वतःची लेक गमावली होती, त्याला त्या दुःखाचे शब्द दुसऱ्याकडून आणावे लागले नसतील. तथागतांनी किसा गोतमीला मोहरी आणायला घरोघर पाठवलं. ज्या घरी कुणी मेलं नाही असं घर तिला सापडलं नाही, आणि मग तिचं तिलाच उमगलं. चांगलं गाणंही असंच काहीतरी करतं. आपलं दुःख एकट्याचं नाही, हे ते दाखवून देतं.

ऐकणारे गाऊ लागले

पण आम्हाला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. वामनदादांची गाणी ऐकून माणसं नुसती खूश झाली नाहीत, ती स्वतः लिहायला लागली. मराठवाडा, खानदेश, विदर्भ इथल्या कितीतरी कवी-गायकांनी त्यांना गुरू मानलं. आपल्या शेजारचेच उदाहरण घ्यायचे तर मलकापूरच्या पलीकडे मुक्ताईनगरचे प्रतापसिंग बोदडे हे दादांचे शिष्य, आणि त्यांनी स्वतःची गाणी लिहून नाव मिळवलं. ही झाली मोठी नावं. पण ज्यांचं नाव कुठेच छापलं गेलं नाही असे कितीतरी जण गावोगाव आहेत. शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर गाणं लिहिणारा पोरगा, जयंतीच्या आदल्या रात्री चाल बसवणारा गवंडी, नव्या सुनेच्या स्वागताला दोन कडवी जोडणारी आजी. दादांची पद्धत अशी, की शेवटच्या कडव्यात वामन हे नाव यायचं. ते ऐकून आमच्या इथल्या एकाने पहिल्यांदा गाणं लिहिलं तेव्हा शेवटी स्वतःचं नाव घालायला तो लाजला आणि त्याने तिथेही वामनच लिहिलं! सगळे हसले. मग एका जाणत्याने त्याला समजावलं, की बाबा, दादांनी आपलं नाव घातलं ते लाज सोडून घातलं. ज्याच्या बापजाद्यांची नावं तुच्छतेने घेतली गेली, त्याने आपलं नाव गाण्यात घालणं ही साधी बाब नाही. तूही तुझंच घाल. पुढच्या गाण्यात त्याने घातलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपण बौद्ध आहोत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. भक्ती राजकारणात आली तर ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा इशारा होता. मग कलावंतावर प्रेम कसं करायचं? त्याचा फोटो लावून हार घातला की झालं का? आम्हाला तसं वाटत नाही. दादांवर प्रेम करायचं म्हणजे त्यांनी जे केलं ते आपल्या ताकदीप्रमाणे करायचं. अक्षर शिकायचं, डोळ्यांनी पाहिलेलं खरं लिहायचं, आणि चार माणसांत उभं राहून म्हणायचं. नुसती पूजा केली तर वामन एकच राहतो. शिकलो तर घरोघरी तयार होतो.

आमचं आम्हाला सांगणं

आता थोडं कडू लिहितो, वाचकांनी राग मानू नये. मागे एका जयंतीला मिरवणुकीत मोठमोठे डीजे लागले होते. गाणं भीमगीतच होतं, पण ठोक्यांचा दणका एवढा की एक शब्द कळेना. एक आजी ओट्यावर बसून आपल्या नातवाला विचारत होती, हे कोणतं गाणं आहे रे? नातू नाचण्यात दंग. त्यालाही ठाऊक नव्हतं. आजीला ते गाणं पूर्ण पाठ होतं, पण आवाजामुळे तिला तिचंच गाणं ओळखता आलं नाही. पोरांनी नाचू नये असं आमचं म्हणणं नाही. वर्षातून एक दिवस आनंदाचा येतो. पण ज्या गाण्यातला शब्दच ऐकू येत नाही, ते गाणं कुणाला धीर देणार आणि कुणाला लिहायला लावणार?

दुसरी गोष्ट याहून तातडीची आहे. दादांची पुस्तकं आहेत, ध्वनिफिती आहेत, १५ ऑगस्ट २०२२ ला त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा ठिकठिकाणी कार्यक्रमही झाले. पण आपल्या वस्तीतल्या आज्यांना जी गाणी पाठ आहेत, त्यातली कितीतरी कुठेच लिहिलेली नाहीत. काही दादांची असतील, काही दुसऱ्या शाहिरांची, काही त्यांनी स्वतः वावरात जोडलेली. एकेक आजी जाते आणि तिच्याबरोबर पंचवीस-तीस गाणी सरणावर जातात. आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं आहे. गेल्यावर सगळे म्हणतात, आजीचा आवाज काय गोड होता! गाणं मात्र कुणालाच पुरतं आठवत नाही.

म्हणून या वर्धापन दिनी आम्ही एक ठरवलं आहे. येत्या वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होईल, तेव्हा वाचन संपल्यावर एका आजीने एक गाणं म्हणायचं आणि शाळेत जाणाऱ्या एका मुलाने किंवा मुलीने ते वहीत उतरवून घ्यायचं. गाणं कुणाचं, कुणाकडून ऐकलं, केव्हा म्हणतात, हेही लिहायचं. ज्यांच्या घरी गाण्यांच्या जुन्या वह्या असतील, त्यांनी त्या विहारात आणाव्यात. उतरवून झाल्यावर वही ज्याची त्याला परत मिळेल. आणि वहीच्या शेवटी काही पानं कोरी ठेवायची आहेत. ती नव्या गाण्यांसाठी. आपल्या मुलामुलींनी लिहिलेल्या गाण्यांसाठी. गाणं कच्चं असलं तरी चालेल. दादांचंही पहिलं गाणं विडंबनच होतं.

ज्या म्हाताऱ्या मायने आम्हाला दारातून तो प्रश्न विचारला होता, तिला लिहिता येत नाही. हा लेख आम्ही तिला वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, की पहिल्या दिवशी पहिलं गाणं तिचं. वहीत तिचं नाव तेवढं नीट लिहा, असंही तिने बजावलं.

महाकवी कालकथित वामनदादा कर्डक यांच्या स्मृतीस पिंपळगाव राजा येथील समस्त बौद्ध परिवारांचे विनम्र अभिवादन!

नमो बुद्धाय! जयभीम!